बाटलीत ऊस किती, वर्षं किती

चपटीच्या पाठीमागचा बारीक मजकूर कुणी वाचत नाही. बीड असो, परळी असो की माजलगाव, दुकानाच्या जाळीतून हात आत जातो, बाटली खिशात जाते आणि गडी चालू लागतो. एकदा ती उजेडात धरून वाचावी. पुढे सोनेरी अक्षरांत ‘व्हिस्की’ आणि एखादं साहेबी नाव. मागे घटकांच्या ओळीत पाणी, न्यूट्रल स्पिरिट, थोडं माल्ट स्पिरिट किंवा थोडी स्कॉच, आणि रंगासाठी कॅरमल, म्हणजे जाळलेली साखर. यातलं न्यूट्रल स्पिरिट हाच बाटलीतला मोठा ऐवज. काही कंपन्या ते तुटक्या तांदळापासून किंवा मक्यापासून घेतात. स्वस्त बाटलीत मात्र ते पुष्कळदा मळीचंच असतं.

म्हणजे व्हिस्की म्हणून जे घशाखाली जातं तो कितीदा तरी ऊसच असतो. दसरा-दिवाळी झाली की ज्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात, तिथल्या माणसाला तरी हे ठाऊक असायला हवं.

हिशेब करून बघू. एक टन ऊस गाळला की साखर शंभर-एकशेदहा किलो निघते आणि तळाला काळी, चिकट मळी उरते चाळीस-पंचेचाळीस किलो. एक टन मळीतून साधारण सव्वादोनशे लिटर अल्कोहोल मिळतं. त्या हिशेबानं एका टन उसामागे साडेनऊ-दहा लिटर. ७५० मिलिच्या खंब्यात ४२.८ टक्क्यांनी सुमारे ३२० मिलि निव्वळ अल्कोहोल असतं. टनाला तीस खंबे झाले. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दिवसाला दीड-दोन टन तोडते. (एकटा माणूस आला तर मुकादमाच्या वहीत तो ‘अर्धा कोयता’.) एका कोयत्याच्या एका दिवसात पंचेचाळीस ते साठ खंब्यांची सोय होते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तरी तो टनाला पावणेचारशेच्या आतच राहिला. हल्ली याच मळीचं अल्कोहोल पेट्रोलमध्येही मिसळतात, त्यामुळे बीडच्या माणसानं तोडलेला ऊस मोटारसायकलही पीत असते.

हा ४२.८ चा आकडा कुठून आला? इंग्रजांनी ठरवलेलं ‘प्रूफ’ म्हणजे ५७.१ टक्के. त्याच्या तीन चतुर्थांश केलं की ४२.८. इंग्रज गेले, आकडा राहिला.

आता मळीची दारू होते कशी ते. मळीत निम्म्याच्या आसपास साखर असते. ती पाण्यानं पातळ करायची, यीस्ट सोडायचं आणि दीड-एक दिवस आंबू द्यायचं. साखर संपते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हातभट्टीवर धाड पडल्याच्या बातमीत ‘इतके लिटर रसायन नष्ट केले’ असं छापून येतं ना, ते रसायन म्हणजे हीच पायरी. तिथे मळीऐवजी काळा गूळ असतो आणि यीस्टच्या शिस्तीऐवजी नवसागर. आंबलेल्या द्रवात अल्कोहोल जेमतेम आठ-दहा टक्के. पाणी १०० अंशांना उकळतं, अल्कोहोल ७८ च्या जरा वर. त्यामुळे तापवलं की वाफेत अल्कोहोल जास्त येतं, आणि ती वाफ गार केली की धार लागते.

धारेशी जरा थांबू, कारण मराठीत तिच्याभोवती एक जुना गैरसमज आहे. ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल, कडक, मानाची असं आपण समजतो. कडक ती असतेच. पण भांड्यात दारू गाळणारा जाणता कारागीर पहिली धार बाजूला काढतो. तिच्यात ॲसिटाल्डिहाइड, इथाइल ॲसिटेट असली लवकर उडणारी द्रव्यं असतात. वास नेलपॉलिशसारखा आणि डोकं सकाळपर्यंत ठणकत राहणार. शेवटची धारही तो घेत नाही. तीत जड तेलं उतरतात आणि ओल्या गोणपाटासारखा वास येतो. घ्यायची ती मधली धार. ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे नाकानं ओळखणं, यातच सगळी कारागिरी आली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विषारी दारूनं माणसं मरतात ती पहिल्या धारेमुळे नव्हे. गूळ-मळी आंबवून मिथेनॉल फारसं तयारच होत नाही. ते कारखान्यात लागणारं रसायन असतं आणि कुणीतरी स्वस्तात नशा वाढवायला ते मिसळतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली ती मिथेनॉलनं. ते डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळत नाही, जिभेलाही नाही. लेबल आणि सील नसलेली दारू न पिणं एवढाच त्यावर उपाय आहे.

साखर कारखान्याशेजारच्या डिस्टिलरीत धारेची ही नजाकत नसते. तिथे कित्येक मजले उंच स्तंभ असतात आणि वाफ त्यांत पुन्हा पुन्हा शुद्ध होत ९६ टक्क्यांपर्यंत पोचते. इतकी शुद्ध, की तिला ना उसाची चव उरते ना धान्याची. म्हणूनच तिला न्यूट्रल म्हणतात. मग चव, रंग, वास हे सगळं बाहेरून द्यावं लागतं. यात भेसळ नाही, आपल्या कायद्याला हे मान्य आहे. युरोपात मात्र व्हिस्की म्हणवून घ्यायला ती धान्याचीच असावी लागते आणि किमान तीन वर्षं लाकडी पिंपात राहिलेली असावी लागते. आपल्या खपाच्या बहुतेक बाटल्या तिथे त्या नावानं विकताच येणार नाहीत.

धान्याची वाट लांबची आहे. उसात साखर तयार असते. धान्यात पिष्ट असतं आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही. त्यासाठी जव भिजवून मोड आणतात. मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व गोडसर का लागतं हे ज्या घरात बाळ आहे त्या घराला माहीत असतं, तीच क्रिया. मोड आलेले जव वाळवले की माल्ट झालं. वाळवताना खाली पीट नावाची दलदलीतली माती जाळली तर चुलीच्या धुराचा वास दाण्यात मुरतो. पुढे हे आंबवून तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळतात. तांबं गंधकाचे उग्र वास ओढून घेतं, पण धान्याचा स्वभाव शाबूत ठेवतं. स्तंभातून निघालेलं स्पिरिट आणि भांड्यातून निघालेलं स्पिरिट यांत पिठीसाखर आणि काकवी यांच्याइतकं अंतर आहे.

भांड्यातून निघालेली दारू पाण्यासारखी नितळ असते. तिला रंग आणि मऊपणा देतं लाकूड. ओकच्या पिंपाची आतली बाजू जाळून कोळसा केलेली असते. त्या जळक्या थराखालच्या लाकडातून व्हॅनिलाचा, नारळाचा, मसाल्याचा वास उतरतो. कोळसा उग्रपणा शोषून घेतो. आणि लाकडाच्या छिद्रांतून हवा हळूहळू आत येत राहते. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला दर वेळी नवं पिंप लागतं, त्यामुळे तिथली एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडला आणि आपल्याकडे येतात.

हे समजायला बीडकरानं स्कॉटलंडला जायची गरज नाही, घरातला माठ पुरेसा आहे. माठ पाझरतो, पाझरलेलं उडून जातं. पिंपाचंही तसंच. स्कॉटलंडच्या गारव्यात वर्षाला सुमारे दोन टक्के उडतं, बंगळुरूसारख्या ठिकाणी दहा टक्क्यांच्या घरात. उडालेल्या भागाला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. २०० लिटरचं पिंप घ्या. दोन टक्क्यांनी बारा वर्षांनंतर १५७ लिटर उरेल. दहा टक्क्यांनी ५६. आपल्या देवदूतांना तहान भारी.

दुसरी गोष्ट आणखी मजेची. मे महिन्यात बालाघाटाच्या कोरड्या हवेत माठ बर्फासारखं पाणी देतो. तोच माठ कोकणात नेला तर कोमटच राहतो, कारण दमट हवेत पाणी फारसं उडत नाही. पिंपालाही हाच नियम. कोरड्या हवेत पाणी जास्त जातं आणि आतली दारू वर्षागणिक कडक होते. दमट हवेत पाणी अडतं, अल्कोहोल जातं आणि दारू सौम्य होत जाते. शिवाय उन्हात दारू लाकडात खोल शिरते आणि थंडीत परत येते. म्हणून आपल्या हवेत चार-पाच वर्षांत लाकडाचा जो गुण उतरतो त्याला थंड देशात दुप्पट-तिप्पट काळ लागतो. बारा वर्षं, अठरा वर्षं हे आकडे थंड हवेचे आहेत. इथे अठरा वर्षांनी पिंपात तळाला थोडीशीच उरेल.

हे जगाला पटवून दिलं ते बंगळुरूच्या जगदाळे घराण्यानं. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये ‘अमृत’ सुरू केली, आणि २००४ मध्ये कंपनीनं आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा विकायला नेली ती थेट ग्लासगोला. बालेकिल्ल्यातच जाऊन दार ठोठावलं. पुढे २०१० च्या आपल्या पुस्तकात जिम मरे या इंग्रज समीक्षकानं त्यांच्या ‘फ्यूजन’ला जगात तिसरा क्रमांक दिला. त्यांनी आठ वर्षं मुरवलेल्या माल्टचं नावच ‘ग्रीडी एंजल्स’, हावरे देवदूत, असं ठेवलं. आता गोव्यात ‘पॉल जॉन’ आहे, नाशिकजवळ दिंडोरीत ‘लाँजिट्यूड ७७’ होते.

बाटली निवडताना मी चार शब्द शोधतो. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्टची. एकाच पिंपाची नव्हे. ‘ब्लेंडेड’ स्कॉच म्हणजे माल्ट आणि इतर धान्याच्या व्हिस्क्यांचं मिश्रण, त्यात कमीपणा काही नाही. वर्षांचा आकडा असेल तर तो मिश्रणातल्या सर्वांत लहान भावंडाचं वय सांगतो. आणि नुसतं ‘इंडियन व्हिस्की’ असेल तर घटकांची ओळ वाचायची. किंमत बघून दर्जा ठरवायला जाऊ नये, तिच्यात कराचा वाटा मोठा. जून २०२५ मध्ये राज्यानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेलं. बाटली महागली, आतला माल तोच राहिला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मळीचीच प्यायची असेल तर ती रम म्हणून प्यावी. रम मुळात उसाचीच असते, तिला जवाचं सोंग घ्यावं लागत नाही. १९५४ पासूनची ‘ओल्ड मंक’ सर्वांना माहीत आहे. ‘अमृत’च्या ‘टू इंडीज’मध्ये गुळाचं स्पिरिट असतं, आणि हरियाणातल्या इंद्रीची ‘कॅमिकारा’ मळीची नसून उसाच्या रसाची, बारा वर्षं मुरवलेली आहे. गुऱ्हाळावर बसून ज्यानं काकवी चाटली आहे त्याला या वासांची ओळख करून द्यावी लागत नाही. मराठवाड्यात एवढा ऊस, एवढं कोरडं ऊन, आणि इथल्या उसाची मुरवलेली रम कुणाच्या ओठावर नाही, याचं मला नवल वाटतं.

चाखायची पद्धत सोपी आहे. तोंडाशी अरुंद होणारा ग्लास, त्यात ३० मिलि. आधी वास, पण नाक आत खुपसून नव्हे. तोंड किंचित उघडं ठेवून दुरून. मग छोटा घोट, जिभेवर फिरवून. मग चमचाभर पाणी घालून पुन्हा वास. पाण्यानं अल्कोहोलची धग कमी होते आणि तिच्याआड दबलेले वास वर येतात. बर्फानं उलट होतं, वास गोठतो. स्वस्त व्हिस्कीला बर्फ का सोसतो ते यावरून कळेल. व्हॅनिला, शेरी, टॉफी हे शब्द पाठ करायची गरज नाही. गूळ, सुंठ, भाजलेला खोबऱ्याचा तुकडा, जास्त पिकलेलं सीताफळ, पहिल्या पावसातलं लाकूड, आपल्याला जे आठवेल ते खरं. शेजारी तिखट शेव नको, जीभ बधिर होते.

त्या ३० मिलित दहा ग्रॅम अल्कोहोल असतं आणि ते निस्तरायला यकृताला साधारण एक तास लागतो. माल्ट असो की मळी, यकृताला फरक नाही. राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना हवा, आणि कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण हवं. त्या परवान्यात दारू प्रकृती राखण्यासाठी दिलेली असते. बाटलीवरचा वैधानिक इशारा सांगतो की ती प्रकृतीला अपायकारक आहे. दोन्ही कागद सरकारीच.

राहिली बाटली ठेवायची गोष्ट. काचेत दारू मुरत नाही. काकांनी तरुणपणी आणलेली बारा वर्षांची व्हिस्की काकांच्या साठीतही बारा वर्षांचीच असते. उन्हापासून लांब ठेवावी. अर्ध्यावर आली की आतल्या हवेनं वास उतरू लागतो, तेव्हा वर्षभरात संपवावी. आणि बुचाची बाटली असेल तर वाइनसारखी आडवी ठेवू नये, कडक अल्कोहोल बूच खातं. आमच्याकडे हे सांगताना लोक हसतात, कारण गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायका मतदान करतात तेव्हा मतपत्रिकेवर दोनच चिन्हं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. तिथे काय करायचं ते गावातल्या बायकांनी ठरवावं. कपाटातली मात्र उभीच ठेवा.