गावी न गेलेला कोरल

आंजर्ल्याच्या खाडीवर पक्षी बघायला जायचंय? मग गजर लावण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. द्वितीया असेल तर दोन पाऊण दीड, म्हणजे भरती दीडच्या सुमाराला. त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेसातला, ओहोटी! पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचं हे जुनं गणित थोडंफार मागेपुढे होतं, पण काम भागतं. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो, आणि पक्ष्यांचा नाश्ता असतो त्या चिखलातच.

मोठी माणसं म्हणतील, "मे महिन्यात कसले पक्षी? सगळे गेले." बरेचसे गेलेत, हे खरं. हिवाळाभर इथे कलकलाट करणारे तपकिरी डोक्याचे कुरव आता लडाख-तिबेटच्या तळ्यांवर आहेत. (हिवाळ्यात त्यांचं डोकं चक्क पांढरं असतं. ते तपकिरी होतं निघायची वेळ आली की!) इवले चिखल्यासुद्धा छातीवर विटकरी रंग चढवून हिमालयापल्याड पोचलेत.

पण तो बघा, त्या तिथे, पाण्याच्या कडेला. कोंबडीएवढा, मातकट, उंच पायांचा. आणि चोच केवढी! लांबच लांब, खाली वाकलेली. हा कोरल. मादीची चोच नरापेक्षाही लांब, 15 सेंटिमीटरच्या पुढे जाते. चार पावलं चालला, थबकला, आणि पार डोळ्यांपर्यंत चोच बिळात! ओढून काढला तो खेकडा. दोन-तीन झटके दिले, खेकड्याच्या नांग्या तुटून पडल्या, बाकीचा गिळून टाकला.

आता एक गंमत करून बघा. चिमटा ओल्या वाळूत खोल खुपसा आणि उघडायचा प्रयत्न करा. उघडतच नाही ना? मग कोरल काय करतो? तो अख्खी चोच उघडतच नाही. वरच्या चोचीचं फक्त टोक उचलतो. त्या टोकाला स्पर्शही भारी कळतो, त्यामुळे न दिसणारा किडासुद्धा त्याला सापडतो.

मग हा एकटाच मागे का राहिला? आजारी आहे का? छे! बहुधा तो गेल्याच वर्षी मध्य आशियात किंवा सायबेरियात जन्मलाय. पहिल्या उन्हाळ्यात त्याला ना जोडीदार शोधायचा असतो, ना अंडी घालायची. मग हजारो किलोमीटर उडायचं कशाला? त्यापेक्षा इथले खेकडे बरे.

ऑगस्टच्या आसपास मोठे कोरल परत यायला लागतील. यंदा जन्मलेली पिल्लं त्यांच्याबरोबर नसतात, ती मागाहून निघतात. वाट आधी कधी पाहिलेली नसते, तरी येतात.