व्हिसा मिळाला, पण विमा वाचला का?

दुधाच्या धंद्यातल्या नगरकराला नेदरलँड्सची ओढ वाटावी यात नवल नाही. संगमनेर, अकोले, राहुरीच्या गोठ्यांतल्या संकरित गाईंमध्ये ज्या होल्स्टिन-फ्रिजियन जातीचे रक्त आहे, तिचे मूळ त्याच भागातले. शेतीचे अभ्यास दौरे तिकडे जातात आणि मुलगा-सून तिकडे नोकरीला असलेली घरेही आता तालुक्याच्या गावी सापडतात. जायचे ठरले की सगळी धावपळ व्हिसासाठी होते. तो हाती आला की गंगेत घोडे न्हाले! मात्र त्या फायलीत सर्वांत कमी वाचला जाणारा कागद म्हणजे प्रवासी आरोग्य विम्याची पॉलिसी, आणि परक्या देशात खरा आधार तिचाच असतो. ती आपण व्हिसा अधिकाऱ्याला दाखवण्यापुरती घेतो, हीच चूक.

व्हिसाचे नियम तसे सरळ आहेत. नेदरलँड्स शेंगेन गटात असल्याने त्याच व्हिसावर एकूण २९ देशांत फिरता येते, पण कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने मुदत असलेला आणि दोन पाने कोरी असलेला लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निकाल सहसा १५ दिवसांत लागतो, कधी ४५ दिवसही जातात, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर भिस्त ठेवू नये. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले म्हणून कोणी धास्तावू नये. जन्मस्थळ ‘अहमदनगर’ छापलेला पासपोर्ट मुदत संपेपर्यंत चालतो. खरी गफलत होते ती माणसाच्या नावात. पासपोर्टवर नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि तिकिटावर नुसते आडनाव, असे असले की विमानतळावर खुलासे करत बसावे लागते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो संगणकात नोंदवायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. त्यामुळे मुक्कामाचे दिवस यंत्रच मोजते, ‘दोन दिवस इकडे-तिकडे’ चालत नाही.

विम्याचा नियम सांगतो की संरक्षण किमान ३०,००० युरोचे हवे, सर्व शेंगेन देशांत चालणारे हवे, आणि त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च आणि वेळ आलीच तर रुग्णाला किंवा पार्थिवाला मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला हवा. ही झाली किमान अट. तेवढीच पुरी करणारी स्वस्त पॉलिसी फायलीला लावली की एजंटाचे काम संपते. आता मुलाकडे कोण जाते ते पाहा: साठी ओलांडलेले आई-वडील, एकाला साखर, दुसऱ्याला बीपी, एखाद्याची अँजिओप्लास्टी झालेली. बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनच्या आजारांचा खर्च वगळलेला असतो, किंवा जिवावर बेतले तरच आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत मिळतो. अर्जात ‘मधुमेह नाही’ असे लिहून हप्त्याचे चार पैसे वाचवले, तर पुढे दावा फेटाळायला कंपनीला आपणच कारण दिलेले असते.

यावर कोणी म्हणेल, पंधरा-वीस दिवसांत असे काय होणार आहे? बहुतेकांना काहीच होत नाही, हे खरे. पण ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडायला पंधरा दिवस लागत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: युरोपात दवाखाना फुकट असतो. नेदरलँड्समध्ये तरी तसे नाही. तिथे राहणाऱ्यांना कायद्याने आरोग्य विमा घ्यावाच लागतो, प्रौढांना त्याचा हप्ता दरमहा भरावा लागतो आणि वर्षाकाठी बहुतेक उपचारांचे पहिले ३८५ युरो खिशातून जातात. जिथे स्थानिकाला फुकट नाही तिथे पाहुण्याला कुठून असणार? शिवाय नगरला जसे थेट हृदयरोगतज्ज्ञाचे दार ठोठावता येते तसे तिकडे चालत नाही. आधी फॅमिली डॉक्टर, त्याची चिठ्ठी, मग तज्ज्ञ. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही. म्हणून रोजच्या गोळ्या मूळ पाकिटासह हातातल्या बॅगेत ठेवाव्यात, सोबत डॉक्टरांचे इंग्रजी प्रिस्क्रिप्शन असावे आणि त्यात औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपले ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही. झोपेच्या गोळ्या किंवा तीव्र वेदनाशामके नेणाऱ्याने त्यांचे नियम आधी तपासावेत.

सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्याला पाकीटमार आठवतो. गर्दीच्या स्टेशनांवर तो असतोच, पण नवख्याला मोठा धोका सायकलींचा. वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि आपली नजर सवयीने आधी उजवीकडे जाते. पदपथाला लागून असलेली तांबडी पट्टी सायकलींची असते. तिथे फोटो काढायला उभे राहिले की धडक ठरलेली. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन या सगळ्यांसाठी एकच क्रमांक, ११२. आणि हो, सुनेसाठी पेढे, तूप बांधून नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, आंब्याच्या पेटीलाही रोपस्वच्छता प्रमाणपत्र लागते.

पैसे भरण्याआधी एजंटाकडून संपूर्ण पॉलिसी मागून घ्या आणि ‘आधीपासूनचे आजार’ हे कलम घरातल्या इंग्रजी वाचणाऱ्याकडून समजून घ्या. विमा कंपनीचा चोवीस तासांचा मदत क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवा. मोबाईलची बॅटरी संपली तरी तो हाताशी असेल.