बोगदा खोदणाऱ्या यंत्राची हवा

भूमिगत खाणीत नवा बोगदा खोदताना त्याला एकच तोंड असते. पुढे अखंड खडक, त्यामुळे हवा एकीकडून येऊन दुसरीकडून बाहेर पडेल अशी वाटच नाही. खाणीचा मुख्य पंखा कितीही बलाढ्य असला तरी त्याचा झोत या आंधळ्या टोकाला पोचत नाही. तिथवर हवा नळीतूनच न्यावी लागते.

1880 नंतर इंग्लिश खाडीखाली बोगदा खोदणाऱ्या बोमाँट यंत्राला ही अडचण फारशी जाणवली नाही. ते दाबलेल्या हवेवर चाले आणि त्यातून सुटणारी हवाच कामगारांच्या श्वासाला पुरे. विजेची मोटर आली तशी ताकद वाढली, पण ही फुकटची सोय गेली.

मोटरने घेतलेली वीज जवळपास सगळी अखेर उष्णता होते. सेकंदाला 1 घनमीटर हवा 1 अंशाने तापवायला साधारण 1.2 किलोवॉट लागतात. म्हणजे 500 किलोवॉटच्या यंत्राला सेकंदाला 20 घनमीटर हवा दिली, तरी हिशोबाने ती सुमारे 21 अंशांनी तापेल. प्रत्यक्षात फवाऱ्याचे पाणी आणि फुटलेला खडक यातला मोठा वाटा उचलतात. मात्र त्या पाण्याची वाफ झाली की हवा दमट होते आणि घाम सुकत नाही. म्हणून भारतीय कोळसा खाणींचे नियम ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा पाहतात: तो 33.5 अंशांच्या वर जाता कामा नये, आणि 30.5 ओलांडला की वाऱ्याचा वेग सेकंदाला किमान 1 मीटर हवा.

धुळीवरचा उपाय मोठा हुशारीचा आहे. कापणाऱ्या चक्राच्या मागे पोलादी पडदा असतो. पडद्यापुढची धुळकट हवा पंख्याने खेचून गाळतात आणि मागे सोडतात. ताजी हवा दुसऱ्या नळीने येते. खरी गोम या दोहोंच्या प्रमाणात आहे. खेचणारा पंखा नळीतून येते त्याहून जास्त हवा मागू लागला, तर उरलेली तूट तो स्वतःच सोडलेल्या हवेतून भरून काढतो, आणि तीच हवा फिरत राहते. धूळ गाळली जाते. खडकातून सुटणारा ज्वालाग्राही मिथेन वायू गाळला जात नाही.

नळीलाही गळती असते, आणि यंत्र पुढे सरकले की तिचे टोक मागे पडते. ती वेळच्या वेळी लांबवली नाही, तर मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छताखाली थर धरतो. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के झाले की स्फोटाला ठिणगी पुरते. कॅलिफोर्नियातील सिल्मार येथे पाण्याच्या बोगद्यात 24 जून 1971 रोजी झालेल्या मिथेनच्या स्फोटात 17 कामगार मेले. भारतीय कोळसा खाणींत 1.25 टक्क्यालाच यंत्राची वीज तोडायची असते. हवा देणाऱ्या पंख्याची वीज म्हणूनच यंत्राच्या विजेपासून वेगळी ठेवावी लागते.