सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवा : रहस्यकथांची टिंगल करणारे सिनेमे

विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की आज सिनेमातले विनोद ऐकायला मिळणार. तसं फारसं होणार नाही, कारण विनोद समजावून सांगितला की तो जागीच मरतो. मला आज वेगळा प्रश्न घ्यायचाय. रहस्यकथा ही एकदाच वापरायची वस्तू, असं आपण धरून चालतो. खुनी कळला की पुस्तक गेलं कपाटात. मग त्याच रहस्यकथेची टिंगल करणारा सिनेमा लोक दहा-दहा वेळा कसा बघतात? अस्सल माल एका वेळेचा आणि नक्कल टिकाऊ, हे कसं काय? आणि हो, बोलण्याच्या ओघात मी काही सिनेमांचे शेवट सांगणार आहे. ज्यांना चालणार नसेल त्यांना दार उघडं आहे. (हशा)

आपली साधारण समजूत अशी असते की आधी एखादा प्रकार जन्माला येतो, मोठा होतो, म्हातारा होतो आणि मग लोक त्याची थट्टा करायला लागतात. रहस्यकथेच्या बाबतीत हे खरं नाही. 'स्ट्रँड' मासिकात होम्सच्या लघुकथा यायला लागल्या जुलै 1891 मध्ये. आणि रॉबर्ट बार या लेखकानं 'शेरलॉ कोम्ब्ज' नावाच्या डिटेक्टिव्हची विडंबनकथा छापली 1892 साली. म्हणजे वर्षसुद्धा धड झालं नव्हतं. सिनेमाची गोष्ट तर आणखी गमतीची. पडद्यावरचा पहिला ज्ञात होम्स 1900 सालचा, अमेरिकेतला. फिल्मचं नाव 'शेरलॉक होम्स बॅफल्ड', लांबी एक मिनिटापेक्षाही कमी. खोलीत चोर आहे, होम्स येतो, चोर अदृश्य होतो. पुन्हा दिसतो, पुन्हा अदृश्य. शेवटी चोर माल घेऊन खिडकीतून पसार, आणि जगातला सर्वात हुशार माणूस तिथे बावळटासारखा उभा. म्हणजे सिनेमानं होम्सला पहिल्यांदा पडद्यावर आणलं तेच मुळी त्याची फजिती करायला.

हे इतक्या लवकर का झालं असावं? माझ्या मते कारण डिटेक्टिव्हच्या अधिकारात आहे. एक माणूस बुटावरचा चिखल बघून सांगतो की तुम्ही कुठून आलात, आणि सगळे माना डोलावतात. त्याला हा अधिकार दिला कोणी? लेखकानं. वाचक हे मनात जाणून असतो आणि त्याला त्याची किंचित चीडही असते. विडंबन त्या चिडीला वाट करून देतं.

बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनिअर' बघा, 1924 चा. जेमतेम पाऊण तासाचा मूकपट. नायक सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवतो आणि पुस्तकातून डिटेक्टिव्हगिरी शिकतो. प्रेयसीच्या वडिलांचं घड्याळ चोरीला जातं आणि आळ येतो याच्यावरच. हा जाऊन प्रोजेक्टरशेजारी झोपतो आणि स्वप्नात महान डिटेक्टिव्ह होतो. पडद्याच्या आत शिरणं, पाठलाग, बिलियर्डच्या चेंडूत लपवलेला बॉम्ब, सगळं तिथे होतं. आणि प्रत्यक्षात चोरी उघडकीला कोण आणतं? ती मुलगी. ती सरळ गहाणवट घेणाऱ्याच्या दुकानात जाते आणि विचारते, घड्याळ ठेवायला कोण आलं होतं? संपलं! भिंग नाही, पाऊलखुणा नाहीत. शंभर वर्षं झाली, पण डिटेक्टिव्ह या कल्पनेवरची इतकी नेमकी टीका मला दुसरीकडे दिसलेली नाही.

आता मधला काळ. दोन महायुद्धांच्या मधली वर्षं म्हणजे रहस्यकथेचं सुवर्णयुग. 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी, जे स्वतः धर्मगुरू होते, रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले. खुनी कथेत सुरुवातीलाच दिसला पाहिजे. गुप्त खोली किंवा चोरवाट एकापेक्षा जास्त नको. डिटेक्टिव्हला जे धागेदोरे सापडले ते वाचकालाही कळले पाहिजेत. जुळे भाऊ आयत्या वेळी आणायचे नाहीत. नियम लिहिले गेले म्हणजे तो खेळ झाला. आणि ज्या खेळाचे नियम प्रेक्षकाला पाठ आहेत त्यात विनोद करणं सगळ्यात सोपं, कारण पुढे काय व्हायला हवं हे त्याला माहीत असतं. तुम्ही फक्त ते होऊ द्यायचं नाही.

याच मुद्द्यावर उभा आहे 'मर्डर बाय डेथ'. साल 1976, लेखक नील सायमन, दिग्दर्शक रॉबर्ट मूर. लायोनेल ट्वेन नावाचा एक विक्षिप्त श्रीमंत माणूस जगातल्या पाच नामांकित शोधपथकांना घरी जेवायला बोलावतो आणि जाहीर करतो की मध्यरात्री खून होणार, जो उकल करेल त्याला दहा लाख डॉलर. पाहुणे आपल्या ओळखीचेच, फक्त नावं वाकडी केलेली. प्वारोचा झाला पेरिए, मिस मार्पलच्या झाल्या मिस मार्बल्स, सॅम स्पेडचा सॅम डायमंड. ट्वेनचं काम केलंय ट्रुमन कपोटी यांनी. ते नट नव्हते, लेखक होते, आणि ही निवड फार अर्थपूर्ण आहे. कारण शेवटी ट्वेन जे बोलतो ते वाचकाचं आरोपपत्रच आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्ही लोकांनी आम्हाला वर्षानुवर्षं फसवलंत. पुरावे दडवलेत, शेवटच्या पाच पानांत नवीनच माणसं आणलीत, म्हणजे आम्हाला ओळखता येण्याची सोयच ठेवली नाहीत. विनोदी सिनेमात अचानक खरा राग ऐकू येतो. आणि त्याआधी प्रत्येक डिटेक्टिव्ह एकामागून एक येऊन आपापला छातीठोक उलगडा सांगून गेलेला असतो. प्रत्येक उलगडा तितकाच पटण्यासारखा, तितकाच चुकीचा.

पण या सिनेमात एक दुखरी जागा आहे. ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. पीटर सेलर्सनं यात सिडनी वँग नावाचा चिनी डिटेक्टिव्ह केलाय, डोळ्यांना रंगरंगोटी करून. ही नक्कल चार्ली चॅनची. चॅन हे पात्र 1925 मध्ये अर्ल डेर बिगर्स यांनी निर्माण केलं. त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत चिनी माणूस म्हणजे हमखास खलनायक असायचा, इतका की 'कथेत चिनी माणूस नको' असाही नॉक्स यांचा एक नियम आहे. त्यामानानं चॅन सज्जन, बुद्धिमान. पण त्याच्या गाजलेल्या सिनेमांत त्याला उभं केलं ते गोऱ्या नटांनी, त्यातले वॉर्नर ओलंड तर स्वीडनमध्ये जन्मलेले. आता सेलर्सच्या बाजूनं असं म्हणता येईल की तो त्या गोऱ्या नटांचीच टिंगल करत होता. मला हे पटत नाही. कारण वँगवरचे बरेचसे विनोद त्याच्या मोडक्या इंग्रजीवर आहेत, त्याला ती भूमिका कोणी दिली यावर नाहीत. उलट मिस मार्बल्स बघा. म्हातारीची काळजी घ्यायला नर्स आहे, पण नर्स इतकी जख्खड म्हातारी की मार्बल्सच तिची चाकाची खुर्ची ढकलतेय. इथे टिंगल आहे ती साच्याची. माणसाची नाही. हा विनोद आजही ताजा आहे आणि वँगचा शिळा झालाय. विडंबन जुनं कधी होतं, याचं उत्तर त्या एकाच सिनेमात दोन्ही बाजूंनी मिळतं.

आता 'क्लू'. खरं सांगायचं तर हे व्याख्यान मी घेतलं ते याच्यासाठी. मूळ आहे एक पटावरचा खेळ, ब्रिटनमध्ये 1949 साली 'क्लुडो' नावानं बाजारात आलेला. खुनी कोण, हत्यार कुठलं, खोली कोणती, हे ओळखायचं. त्यावर 1985 मध्ये सिनेमा आला. दिग्दर्शक जोनाथन लिन, म्हणजे 'येस मिनिस्टर' लिहिणाऱ्या दोघांपैकी एक. तीच मालिका आपल्याकडे फारूक शेखच्या 'जी मंत्रीजी'त आली होती. सिनेमाला तीन वेगवेगळे शेवट केले आणि कुठल्या थिएटरात कुठला शेवट दिसणार ते वेगवेगळं ठेवलं. कल्पना अशी की लोक तीनदा तिकीट काढतील. लोकांनी एकदाही धड काढलं नाही. अमेरिकेत तिकीटबारीवर दीड कोटी डॉलरचा आकडासुद्धा गाठला नाही. मग व्हिडिओ कॅसेट आली, त्यात तिन्ही शेवट ओळीनं जोडले, आणि तिथून या सिनेमाचं नशीब फिरलं. टीव्हीवर बघून बघून एका पिढीला तो पाठ झाला.

तीन शेवट एकापाठोपाठ बघताना काय होतं ते लक्षात घ्या. पहिला उलगडा ऐकताना तुम्ही म्हणता, अरे हो, बरोबर. दुसराही बरोबर. तिसराही. म्हणजे 'एकच सत्य, आणि ते तर्कानं गाठता येतं' या रहस्यकथेच्या मूळ श्रद्धेलाच धक्का. आणि खुनी कोण याला महत्त्वच उरलं नाही, तर ते माहीत असल्यानं पुन्हा बघताना बिघडतं काय? आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथे सापडतं.

दुसरी गोष्ट कारागिरीची. दिवाणखान्यातला शेवटचा उलगडा हा पुस्तकात छान वाटतो, पण रंगमंचावर किंवा पडद्यावर तो महाकठीण प्रवेश. एक माणूस बोलतो, बाकीचे बसून ऐकतात. (आत्ता इथे चाललंय तसंच.) लिननं काय केलं, तर टिम करीच्या बटलरला पळायला लावलं. संध्याकाळभर जे घडलं ते सगळं तो धावत, दारं उघडत, एकटाच सगळ्यांच्या नकला करत पुन्हा करून दाखवतो आणि पाहुण्यांचं लटांबर त्याच्यामागे खोल्याखोल्यांतून धावतं. खिल्ली तर उडालीच, पण मूळ प्रकारातला सगळ्यात निर्जीव भाग जिवंतही झाला.

आणि काळ बघा कुठला निवडलाय. 1954. बंगल्यातली स्वयंपाकीण टीव्हीवर मॅकार्थीची सुनावणी बघत असते. पाहुण्यांपैकी प्रत्येकाला कोणीतरी ब्लॅकमेल करतंय. मिस्टर ग्रीन सांगतो की तो समलिंगी आहे, आणि हे कळलं तर परराष्ट्र खात्यातली नोकरी जाईल. ही लेखकाच्या डोक्यातून आलेली भीती नव्हे. 1953 च्या अध्यक्षीय आदेशानंतर अमेरिकन सरकारी खात्यांतून अशी माणसं खरोखर काढली जात होती. एवढ्या धावपळीच्या विनोदाखाली ही भीती पूर्णवेळ आहे, म्हणून त्या लोकांचं किंचाळणं पोकळ वाटत नाही.

क्लूझोबद्दल थोडक्यात. 'अ शॉट इन द डार्क', 1964, दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स. हा मुळात एका नाटकावरून घेतलेला आणि त्या नाटकात क्लूझो नव्हताच, तो सिनेमासाठी घातला. यातही सगळ्यांना एका खोलीत जमवलं जातं. क्लूझो काहीही सिद्ध करू शकत नाही, पण संशयितच एकमेकांवर आरोप करत भांडायला लागतात. गंमत अशी की ज्या मोलकरणीविरुद्ध सगळे पुरावे आहेत ती निर्दोष आहे, असं क्लूझो पहिल्यापासून म्हणत असतो. का, तर ती त्याला आवडली म्हणून. आणि ती निर्दोष असतेच! पद्धत साफ चुकीची, निष्कर्ष बरोबर.

आपल्याकडे कुणी म्हणेल, बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारचं किंवा काळा पहाडचं विडंबन का झालं नाही? मला वाटतं आपल्याकडे हे काम प्रेक्षकांनी स्वतःच केलं. 'सीआयडी' मालिका 1998 पासून वर्षानुवर्षं चालली, शिवाजी साटमांचे ते फिरणारे हात आणि दयाचं दार तोडणं यांच्या नकला घराघरांत झाल्या. मालिका गंभीर आणि बघणारा हसतोय, पण चॅनल बदलत नाही. हेही विडंबनच, फक्त ते सोफ्यावर बसून केलेलं.

ज्यांना घरी जाऊन काही बघायचंय त्यांनी आधी 'शेरलॉक ज्युनिअर' बघा, मग 'क्लू'. अलीकडचं हवं असेल तर 2022 चा 'सी हाऊ दे रन' आहे. तो 'द माउसट्रॅप' या ख्रिस्तींच्या नाटकाभोवती फिरतो. लंडनमध्ये हे नाटक 1952 पासून चालू आहे, मध्ये कोविडनं बंद पाडलं तेवढंच. आणि त्याचा करार असा की तिथले प्रयोग थांबून सहा महिने झाल्याशिवाय त्यावर सिनेमा काढायचा नाही. नाटक काही थांबेना. मग या मंडळींनी तो करारच कथेत घेतला.

चला, आता प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी मघापासून हात वर केलाय.