घरचा तांबडा भोपळा

परीक्षेचा निकाल लागला कीं भोपळ्याचें नांव शाळेंत सर्वांच्या तोंडीं होतें. गणितांत शून्य गुण पडले तर भोपळा मिळाला असें आपण म्हणतों; दोघांचें पटत नसलें म्हणजे त्यांचें विळ्या-भोपळ्याचें सख्य; आणि खोटी आशा मावळली कीं भ्रमाचा भोपळा फुटला. भाषेनें ज्या फळाची अशी थट्टा मांडिली आहे, त्याला निदान ताटांत तरी बरी वागणूक मिळावी. पण तेंही घडत नाहीं. डब्यांत भोपळ्याची भाजी दिसतांच पुष्कळ मुलें झांकण पुन्हां लावून टाकतात, हें मीं मधल्या सुटींत अनेकदां पाहिलें आहे. त्यांत सगळा दोष मुलांचा नसतो. ती भाजी बहुधा पाणचट, लगदा झालेली व बेचव असते. भोपळ्याच्या अंगीं खोट आहे म्हणून तो असा होत नाहीं. आपण त्याला पाणी घालून बिघडवितों म्हणून होतो, असें माझें मत आहे. आणि हें मत मला फुकट मिळालेलें नाहीं.

मी तेव्हां सहावींत होतों. आषाढाचे दिवस, बाहेर पावसाची झड, आणि आई तीन दिवस तापानें अंथरुणावर पडलेली. वडील कामासाठीं परगांवीं गेले होते. घरांत मी व धाकटी बहीण. डब्यांत दोन दिवस पुरेल इतकी कणीक, थोडा गूळ, तेल आणि माळ्यावर ठेवलेला एक तांबडा भोपळा, एवढीच सामग्री. बहिणीनें घारग्यांचा हट्ट धरला. आईला उठवूं नये म्हणून मीं स्वतःच भोपळा किसला, त्यांत गूळ व कणीक घातली आणि पोळ्यांच्या कणकेंत घालतात तसें पेलाभर पाणी ओतलें. त्याची खीर झाली. घट्ट व्हावें म्हणून आणखी कणीक घातली, तरी सैलच, पुन्हां घातली. गोळा हातांत राहण्याजोगा झाला तेव्हां डबा रिकामा झाला होता. ते घारगे तळून निघाले ते चामड्यासारखे, आणि गोडीचा तर पत्ताच नाहीं. बहीण रडूं लागली, तिच्या रडण्यानें आई जागी झाली, आणि मी रिकामा डबा पाठीशीं धरून कोपऱ्यांत उभा राहिलों. आई रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, “अरे, भोपळ्याला का कोणी पाणी घालतें? त्याचें पाणी त्याच्या पोटांतच असतें.” पुढचे दोन दिवस आम्हीं नुसता उकडलेला भोपळा खाऊन काढले.

आईचें तें वाक्य शास्त्रदृष्ट्याही अगदीं बरोबर होतें. १०० ग्रॅम भोपळ्यांत सुमारें ९० ग्रॅम पाणीच असतें. हें पाणी त्याच्या गरांतील असंख्य सूक्ष्म पेशींत भरलेलें असल्यामुळें कच्ची फोड कोरडी व टणक वाटते. मीठ किंवा गूळ लागला कीं तें पेशींतून बाहेर ओढलें जातें, आणि उष्णता लागली कीं पेशींच्या भिंती ढिल्या होऊन तें आपोआप सुटतें. तेव्हां भोपळ्याचा कोणताही पदार्थ करणें म्हणजे हें पाणी केव्हां काढावयाचें, किती आटवावयाचें व कशांत मुरवावयाचें हें ठरविणें होय. एवढें ज्याला उमगलें, त्याला पुढील कृति पाठ करण्याची फारशी गरज नाहीं.

येथें भोपळा म्हणजे कोणता हेंही सांगितलें पाहिजे. दुधी भोपळा वेगळा. ज्याचा पेठा करितात तो पांढुरक्या सालीचा कोहळा वेगळा. आपला हा तांबडा भोपळा. यालाच कोणी लाल भोपळा, कोणी काशीफळ, कोणी डांगर म्हणतात. विदर्भांत याचेंच नांव कोहळें असल्यामुळें नागपूरकडच्या पाहुण्यानें पुण्याच्या मंडईंत कोहळें मागितलें तर भलतेंच फळ पिशवींत पडतें. तंबोऱ्याचा भोपळा, ज्यापासून वाद्यें घडविण्याविषयीं मिरजेचे कारागीर प्रसिद्ध आहेत, तो दुधीच्या जातीचा. तांबडा भोपळा मूळचा अमेरिका खंडांतला. मेक्सिको देशांतील ग्विला नाकित्झ नांवाच्या गुहेंत याच कुळांतील एका भोपळ्याच्या बिया सांपडल्या. त्या सुमारें १०,००० वर्षांपूर्वींच्या असून माणसानें लावलेल्या वेलाच्या आहेत असें ठरलें आहे. कोलंबस १४९२ सालीं त्या बाजूस पोंचल्यानंतरच हें फळ मिरची, बटाटा व पेरू यांच्या वाटेनें इकडे आलें. गंमत अशी कीं, ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचें कांहीं खावयाचें नाहीं म्हणून जी भाजी करितात, तींतही तांबड्या भोपळ्याच्या फोडी असतात. परदेशचा पाहुणा ऋषींच्या पंक्तीला बसला, आणि कोणी हरकत घेतली नाहीं!

बाजारांतून आणतांना भोपळा आकाराच्या मानानें जड असावा; सालींत नख रुतूं नये आणि देंठ वाळून लाकडासारखा झालेला असावा. असा जून व अखंड भोपळा हवेशीर, कोरड्या जागीं ठेवला तर दोन-तीन महिने सहज टिकतो. पूर्वीं तो शिंक्यांत टांगीत किंवा माळ्यावर गवत घालून ठेवीत. भाजी महाग झाली किंवा पावसानें बाजार बंद पडला कीं हीच शिल्लक उपयोगीं पडे. देंठ मात्र मोडूं नये. मोडलेल्या देंठाच्या जागेंतूनच कुजण्यास आरंभ होतो. कापलेली फोड घ्यावयाची असल्यास गर्द केशरी रंगाची घ्यावी, आणि घरीं आणतांच तिच्यांतील बिया व दोरे काढून टाकावेत, कारण फोड आंतून नासूं लागते.

अखंड भोपळा स्त्रीनें पहिल्यानें कापूं नये, पुरुषाच्या हातून चिरा पाडून घ्यावा, अशी चाल कित्येक घरांत आहे. तिचें कारण कांहीं असो. त्या निमित्तानें मुलगे स्वयंपाकघरांत येतात. आलेच आहेत तर त्यांनीं तेथें थांबावें आणि पुढचें कामही शिकून घ्यावें, असें मी म्हणेन. मीं आधीं शिकलों असतों तर ती कणीक वांचली असती. चिरण्यापूर्वीं भोपळ्याची एक बाजू थोडी छाटून त्याला सपाट बैठक करावी. गोल भोपळा घरंगळला तर सुरी हातावर येते. आणखी एक गोष्ट कधींही विसरूं नये. शिजविण्यापूर्वीं कच्च्या फोडीचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. तो कडू लागला तर थुंकून टाकावा व सबंध फळ फेकून द्यावें. या कुळांतील फळांत कधीं कधीं एक कडू विषारी द्रव्य उतरतें. तें शिजवून जात नाहीं आणि गुळानें झांकलें तरी निष्प्रभ होत नाहीं. कडू दुधीचा रस औषध समजून प्याल्यामुळें आपल्या देशांत माणसें दगावलीं आहेत.

आतां भाजी. पाव किलो भोपळ्याच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी कराव्यात; साल कोंवळी असेल तर ठेवावी, तिच्यामुळें फोड मोडत नाहीं. दोन चमचे तेलाच्या फोडणींत मोहरी, हिंग, हळद व पाव चमचा मेथीदाणे घालावे. मेथीचा किंचित कडवटपणा भोपळ्याच्या गोडीला फार शोभतो. तो नसेल तर भाजी नुसतीच गोड व मिळमिळीत होते. दोन सुक्या मिरच्या, मग फोडी व मीठ घालून परतावें, आणि वर खोलगट ताटली झांकून तिच्यांत पाणी ठेवावें. पाणी ताटलींत, कढईंत नव्हे! फोडींतून सुटलेली वाफ थंड ताटलीच्या तळाला लागून तिचे थेंब होतात व ते पुन्हां भाजींत पडतात. अशा रीतीनें भाजी स्वतःच्याच पाण्यावर शिजते आणि खालीं लागत नाहीं. सात-आठ मिनिटांत फोड बोटानें दबूं लागते. गूळ व आमसुलें त्यानंतरच घालावीं. आधीं घातलीं तर गोड व आंबट यांच्या योगानें फोड आकसून राहते, लौकर मऊ होत नाहीं, आणि मग घाई करणारा मनुष्य पाणी ओततो. शेवटीं ओलें खोबरें किंवा दाण्याचें कूट पेरावें. कूट उरलेला ओलावा शोषून घेतें, म्हणून डब्यासाठीं तेंच बरें.

घारग्यांना थोडा धीर लागतो. दोन वाट्या किसलेला भोपळा चमचाभर तुपावर मंद आंचेवर परतून, झांकण न ठेवतां मऊ करावा, म्हणजे त्याचें बरेंचसें पाणी उडून जातें. मग एक वाटी चिरलेला गूळ व चिमूटभर मीठ घालावें. गूळ विरघळतांच मिश्रण एकाएकीं पातळ होतें. त्यानें घाबरूं नये, तें पुन्हां जरा आटवून खालीं उतरवावें. कोमट झालें कीं वेलदोड्याची किंवा जायफळाची पूड, दोन चमचे तांदळाची पिठी, दोन चमचे कडकडीत तेलाचें मोहन, आणि मावेल तेवढी कणीक घालावी. किती मावेल हें भोपळ्यावर अवलंबून आहे. दोन वाट्यांपासून अडीच वाट्यांपर्यंत लागेल. गोळा मुद्दाम घट्ट मळावा, कारण गूळ ओलावा ओढीत राहतो आणि अर्ध्या तासानें तोच गोळा आपोआप सैल पडतो. या ठिकाणीं पुष्कळजणींचा हात पाण्याकडे जातो. तो आवरावा.

केळीच्या पानाला तेल लावून त्यावर पुरीहून जाड असे घारगे थापावेत व वर खसखस दाबावी. तेल कडक तापवून मग आंच मध्यम करावी. गुळामुळें ते लौकर काळवंडतात. मोठ्या आंचेवर तळले तर बाहेरून करपतात व आंत कच्चे राहतात. आंच बेताची असली म्हणजे आंतील ओलाव्याची वाफ होऊन घारगा टम्म फुगतो व सोनेरी रंगावर येतो. नीट तळलेले घारगे थंड झाल्यावर डब्यांत भरले तर तीन दिवस चांगले राहतात. वर लोणकढें तूप घ्यावें. लोणी असेल तर विचारूंच नये.

विदर्भांतील कोहळ्याचीं बोंडें हीं या घारग्यांचींच भावंडें. मिश्रण थोडें सैल ठेवून तें हातानें तेलांत सोडावयाचें, थापण्याचा खटाटोप नाहीं. तळण नको असेल त्यांनीं तोच गोळा जाडसर लाटून तव्यावर तुपानें भाजावा. त्याला गाकर म्हणतात, आणि आजारांतून उठलेल्या माणसाला तो घारग्यापेक्षां सोसतो.

तिखट पदार्थांत थालीपीठ सर्वांत सोपें. किसाला मीठ लावून पाव तास ठेवावें; खालीं जें पाणी सांचतें तें टाकूं नये, त्याच पाण्यांत भाजणी, तिखट, ओंवा व कोथिंबीर घालून मळावें. भरितासाठीं मात्र फोडी वाफेवर उकडाव्यात, पाण्यांत बुडवून नव्हे. त्या हातानें कुस्करून पूर्ण निवल्यावरच दहीं घालावें, कारण गरम भोपळ्यांत दहीं फाटतें व चोथापाणी होतें. साखर-मीठ घालून वर हिरवी मिरची व जिरें यांची तुपाची फोडणी दिली कीं झालें. पुष्कळ घरांत हें भरीत उपासालाही चालतें. माझ्या मतें भोपळ्याच्या सर्व पदार्थांत हेंच श्रेष्ठ. पण माझी बहीण अजून घारग्यांच्याच बाजूची आहे.

पालकांसाठीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. भोपळ्याचा केशरी रंग ज्या द्रव्याचा आहे त्याला कॅरोटीन म्हणतात, आणि आपलें शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतें. हें जीवनसत्त्व कमी पडलें तर मुलांना तिन्हीसांजेनंतर नीट दिसेनासें होतें. यालाच रातांधळेपणा म्हणतात, आणि दुर्लक्ष झाल्यास डोळे कायमचे जाऊं शकतात. कॅरोटीन पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांबरोबरच अंगीं लागतें. तेव्हां भाजीवरील चमचाभर तेल किंवा भरितावरील तुपाची फोडणी ही केवळ चवीची चैन समजूं नये. मूल संध्याकाळीं ठेंचाळूं लागलें तर मात्र भोपळ्यावर न थांबतां त्याला दवाखान्यांत नेलें पाहिजे.

बिया धुऊन उन्हांत वाळवाव्यात आणि मिठाच्या पाण्याचा हबका मारून तव्यावर भाजाव्यात; सोलून खातां खातां भूगोलाचा एक धडा सहज संपतो. ज्यांच्या परसांत वेल आहे त्यांना फुलांचीं भजींही करतां येतील. परंतु दिसेल तें फूल तोडूं नये. ज्या फुलाच्या बुडाशीं बोराएवढा चिमुकला भोपळा दिसतो तें मादी-फूल. तें वेलावर राहूं द्यावें. लांब, बारीक देंठाचें, बुडाशीं गांठ नसलेलें तें नर-फूल. तेंच भज्यांसाठीं घ्यावें, आणि परागासाठीं वेलावर चार-दोन ठेवावींत. फुलें सकाळींच उमलतात व दुपारपर्यंत मिटतात. उशिरां तोडलेल्या मिटल्या फुलांत कधीं कधीं मधमाशी अडकलेली असते; पाकळ्या हलकेच उघडून तिला जाऊं द्यावें, आणि मग फूल डाळीच्या पिठांत बुडवावें.