अवकाश उद्योगाचे पहिले गिऱ्हाईक

१४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघाले. सुमारे ६४० टन वजनाचा एलव्हीएम-३ अग्निबाण जमिनीवरून उचलला तो त्याच्या दोन बाजूंना बसवलेल्या एस-२०० या घन इंधनाच्या बूस्टरांनी. मधला द्रव इंधनाचा टप्पा पेटतो तो उड्डाणानंतर सुमारे पावणेदोन मिनिटांनी. तोवर सगळा भार या दोन नळकांड्यांवर असतो. एकेका बूस्टरमध्ये दोनशे टनांहून अधिक इंधन भरलेले असते, आत तीन हजार अंशांच्या आसपास तापलेले वायू कोंडलेले असतात आणि त्यांना धरून ठेवणारे पोलादी कवच जेमतेम काही मिलिमीटर जाडीचे असते.

त्या उड्डाणातील बूस्टरांचे खंड आणि नोझलचे भाग बनवणाऱ्यांत वालचंदनगर इंडस्ट्रीज होती. तिचा मुख्य कारखाना फलटणच्या पूर्वेला, पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात आहे, तर फौंड्री सातारा रोड या गावी. धनजीशा कूपर यांनी शेतकऱ्यांसाठी लोखंडी नांगर बनवायला जिथे सुरुवात केली, तेच हे सातारा रोड. कूपर यांची ही कंपनी १९४० मध्ये वालचंद समूहाकडे गेली. साखर कारखान्यांची यंत्रे घडवणाऱ्या वालचंदनगरने पुढे अणुभट्ट्यांचे आणि अग्निबाणांचे काम हाती घेतले, आणि इस्रोशी असलेले तिचे नाते आता पाच दशकांचे झाले आहे. म्हणजे कृष्णा-नीरेच्या या टापूला अवकाशाचे काम नवे नाही. प्रश्न असा आहे की एका मोठ्या कंपनीला जे जमले, ते साताऱ्याच्या, कुपवाडच्या, मिरजेच्या आणि पलूसच्या औद्योगिक वसाहतींतील शेकडो लहान कारखान्यांना जमावे म्हणून राज्य सरकारने नेमके काय करायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर याच भूमीत एकदा दिले गेले आहे. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर आपला नांगरांचा कारखाना घेऊन कुठे जायचे या विवंचनेत होते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड या आडबाजूच्या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर माळरानाची जमीन दिली, भांडवलासाठी कर्ज दिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी, जिथे ओगले बंधूंची काच आणि प्रभाकर कंदील तयार झाले, तीही औंध संस्थानातलीच. हे संस्थान लहान होते, उत्पन्न बेताचे होते. तरीही रेल्वेला लागून जागा, थोडे भांडवल आणि कारागिरावर विश्वास, एवढ्या बळावर त्याने आजच्या सातारा-सांगलीच्या यांत्रिक उद्योगाचा पाया घातला. प्रादेशिक सत्तेला उद्योग वाढवता येतो याचा यापेक्षा जवळचा पुरावा शोधायला नको.

मात्र १९१० मध्ये उणीव होती जागेची आणि भांडवलाची. आज जागा औद्योगिक विकास महामंडळ देते, कर्ज बँका देतात. आजची अडचण वेगळी आहे, आणि ती समजण्यासाठी बूस्टरच्या कवचाकडे पुन्हा वळावे लागेल.

हे कवच मॅरेजिंग पोलादाचे असते. नेहमीच्या पोलादाला कठीणपणा कार्बनमुळे येतो. या पोलादात कार्बन जवळजवळ नसतोच. त्याऐवजी सुमारे १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि थोडे टायटॅनियम असते. ते आधी तुलनेने मऊ असते, त्यामुळे त्याच्या कड्या घडवता येतात, जोडता येतात, लेथवर मापात आणता येतात. मग ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवत ठेवले की त्यात निकेल, मॉलिब्डेनम आणि टायटॅनियम यांच्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे कण धातूतील अणूंच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत, आणि पोलाद कमालीचे मजबूत होते. विशेष म्हणजे या तापवण्यात मापे जवळपास बदलत नाहीत. इतक्या मोठ्या आणि पातळ कवचाला हा गुण फार मोलाचा आहे.

पण या पोलादाची ताकद जशी मोठी, तशी त्याची दोष सोसण्याची क्षमता कमी. वेल्डिंगच्या सांध्यात केसाएवढी भेग राहिली तरी दाबाखाली ती क्षणात पसरू शकते. म्हणून प्रत्येक सांध्याची क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी तपासणी होते, पाणी भरून प्रत्यक्ष उड्डाणात येईल त्याहून अधिक दाब दिला जातो आणि प्रत्येक टप्प्याची लेखी नोंद ठेवली जाते. पोलादाची कांडी कोणत्या भट्टीतल्या कोणत्या वितळणीतून आली, वेल्डिंग कोणत्या कारागिराने केले, त्या वेळी हवेत किती दमटपणा होता, हे सगळे वर्षांनंतरही कागदावर सापडले पाहिजे.

कुपवाडमधल्या एखाद्या चांगल्या वर्कशॉपची गाडी अडते ती इथे. ड्रॉइंग पाहून दोन-चार मायक्रॉनच्या मापात जॉब काढणारे हात त्यांच्याकडे आहेत; पंप, डिझेल इंजिने आणि मोटारींचे सुटे भाग बनवून ते तयार झालेले आहेत. पण मोटारीचा भाग महिन्याला हजारोंनी लागतो, तर उपग्रहाची ब्रॅकेट वर्षाला दहा-वीसच लागतात. त्या दहा-वीस नगांसाठी एएस-९१०० हे हवाई व अवकाश क्षेत्राचे गुणवत्ता प्रमाणपत्र मिळवायचे, तपासणीची महागडी यंत्रे घ्यायची आणि पैसे मिळेपर्यंत थांबायचे, हे एकट्या लहान कारखानदाराला परवडत नाही. काम करता येते, पण ते सिद्ध करून दाखवता येत नाही. राज्य सरकारने भरून काढायची दरी ती हीच.

याची पद्धत आपल्याकडे आहे. शेजारच्या कोल्हापुरात फौंड्रीवाल्यांनी एकत्र येऊन क्लस्टर उभे केले आणि वापरलेली वाळू पुन्हा कामाची करण्याची सामाईक सोय केली, कारण ती एकेकट्याला झेपणारी नव्हती. त्याच धर्तीवर सातारा आणि सांगली मिळून एक सामाईक चाचणी केंद्र हवे. त्यात क्ष-किरण आणि ध्वनिलहरींची तपासणी, अचूक त्रिमितीय मापन, उड्डाणातील हादरे सोसतो का हे पाहणारे कंपन यंत्र आणि निर्वात टाकीत भाग आळीपाळीने तापवून गोठवून पाहण्याची सोय असावी. अहमदाबादेत इन-स्पेस या केंद्र सरकारच्या संस्थेने अशा सोयींचे केंद्र उभे केले आहे. पण कुपवाडच्या कारखानदाराला प्रत्येक नमुना तिकडे पाठवावा लागला, तर चूक सुधारून पुन्हा करून पाहण्याचा वेगच संपतो, आणि लहान कारखाना शिकतो तो त्याच वेगावर.

युरोपात स्पेनच्या बास्क प्रांताची कथा या दृष्टीने बोलकी आहे. पोलाद आणि जहाजबांधणीचा हा प्रदेश १९८० च्या दशकात मंदीने खिळखिळा झाला. तिथल्या प्रादेशिक सरकारने पुढच्या दशकात उद्योगसमूहांना एकत्र बांधण्याचे धोरण घेतले. १९९७ मध्ये हेगान ही हवाई आणि अवकाश उद्योगांची संघटना उभी राहिली. पुढे विद्यापीठाच्या सहभागाने झामुदिओ येथे असे उत्पादन केंद्र निघाले, जिथे कंपन्या आणि प्राध्यापक एकाच यंत्राभोवती काम करतात. या प्रदेशाने जुने यंत्रकौशल्य टाकून दिले नाही. त्याला नव्या कसोट्यांची जोड दिली.

भारतातही राज्यांची चढाओढ सुरू झाली आहे. २०२० मध्ये अवकाश क्षेत्र खासगी उद्योगाला खुले करण्याचा निर्णय झाला, २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण आले, आणि २०२४ मध्ये सुट्या भागांच्या निर्मितीत शंभर टक्के परकी गुंतवणुकीची वाट मोकळी झाली. तामिळनाडूने २०२५ मध्ये आपले अवकाश उद्योग धोरण मंजूर करून पाच वर्षांत दहा हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचे लक्ष्य ठेवले. गुजरातनेही त्याच वर्षी स्वतंत्र धोरण आणले. देशाची अवकाश अर्थव्यवस्था आज सुमारे ८.४ अब्ज डॉलरची आहे आणि २०३३ पर्यंत ती ४४ अब्ज डॉलरवर नेण्याचे केंद्राचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हवाई व संरक्षण उत्पादनाचे धोरण केले, तेव्हा पुणे, नागपूर, नाशिक, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर ही केंद्रे निवडली. त्या यादीत सातारा-सांगली नव्हते. ज्या भागात यंत्रकामाची शंभर वर्षांची परंपरा आहे, तो यापुढे अशा यादीबाहेर राहू नये.

चाचणी केंद्र उद्योगाची एक बाजू सावरेल. दुसरी बाजू मागणीची आहे, आणि तिथे सरकारने स्वतः गिऱ्हाईक व्हायला हवे. अवकाश उद्योग म्हणजे केवळ अग्निबाण नव्हे. उपग्रहांकडून येणाऱ्या माहितीतून लोकांच्या कामाचे काही काढून देणे, हाही तितकाच मोठा व्यवसाय आहे, आणि त्याला फौंड्री लागत नाही. संगणक, गणित आणि स्थानिक जाण लागते.

या दोन जिल्ह्यांइतकी त्याची गरज क्वचितच कुठे असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी आकाश ढगांनी भरलेले असते आणि साधा कॅमेरा आंधळा होतो. रडार उपग्रह मात्र स्वतःच्या लहरी सोडतो. त्या ढगांतून आरपार जातात, रात्रीही चालतात. संथ पाण्यावर पडल्या की दूर परावर्तित होतात, त्यामुळे पूरग्रस्त भाग चित्रात काळा दिसतो आणि कोणते गाव पाण्याने वेढले हे कळते. भारताचा ईओएस-०४ हा उपग्रह २०२२ पासून हे काम करतो. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह तर दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येऊन जमिनीची सेंटिमीटरभर हालचालही टिपू शकतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडींनी माणसे गिळली. त्या डोंगरउतारांचे हळूहळू सरकणे आधी ओळखता येते का, हे तपासण्याचे साधन आता डोक्यावर फिरते आहे.

तरीही उपग्रह स्वतःहून तलाठ्याला फोन करत नाही. पूर तासातासाने चढतो आणि निसार बारा दिवसांनी येतो, म्हणून अनेक उपग्रहांची चित्रे, कोयनेचा विसर्ग, पावसाची मोजणी आणि जमिनीचा चढउतार एकत्र करून गल्लीनिहाय इशारा देणारी सेवा कुणीतरी बांधावी लागेल. असेच काम उसात आहे. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊसशेतीचे प्रयोग केले आहेत. सांगली-साताऱ्याच्या साखर कारखान्यांना उसाचे क्षेत्र आणि तोडणीची वेळ कळणे, तासगावच्या द्राक्षबागांना पाण्याचा ताण कळणे, जत-आटपाडी-माणमधील टंचाईचे पंचनामे वेळेत होणे, ही सगळी विकत घेण्याजोगी सेवा आहे.

नागपूरला १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. राज्याने या केंद्राच्या देखरेखीखाली सातारा-सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयांतर्फे पूर, दरड आणि पिकांच्या सेवांची पाच वर्षांची मागणी जाहीर करावी आणि तिच्यात स्थानिक नवउद्योगांना वाटा राखून ठेवावा. पाच वर्षांच्या कामाचा करार हातात असला की बँक कर्ज देते आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांतून निघालेली मुले पुण्या-बेंगळुरूऐवजी इथे कंपनी काढण्याचा विचार करतात. देशातही वारा तसाच आहे: ऑगस्ट २०२५ मध्ये पिक्सेलच्या नेतृत्वाखालील भारतीय कंपन्यांच्या गटाची बारा भूनिरीक्षण उपग्रहांच्या जाळ्यासाठी निवड झाली. त्या उपग्रहांची माहिती विकत घेणारा कुणीतरी लागेल. तो पूर सोसलेला जिल्हा का असू नये?

तिसरी गरज माणसांची आहे, आणि ती सर्वांत स्वस्त आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या अभ्यासक्रमाला टिग वेल्डिंग, विनाविध्वंस तपासणी आणि काटेकोर नोंदींची जोड दिली, तर वर्षभरात प्रमाणित कारागीर तयार होतात. आपल्याकडची मुले हातात कमी नाहीत. त्यांच्या हातावर शिक्कामोर्तब करणारी व्यवस्था नाही.

औंधने कारखाना स्वतः चालवायला घेतला नव्हता. नांगर कसा घडवायचा ते लक्ष्मणरावांवर सोडून त्याने त्यांच्या वाटेतला अडथळा तेवढा दूर केला. महाराष्ट्र सरकारपुढचे आजचे काम तेच आहे: जिथे लहान कारखानदार एकटा अडतो तिथे चाचणी केंद्र उभारायचे, आणि जिथे नवउद्योगाला पहिली ऑर्डर मिळत नाही तिथे ती द्यायची. येत्या अर्थसंकल्पात सातारा-सांगलीसाठी या दोन तरतुदी झाल्या, तर पुढच्या पावसाळ्याआधी पुराच्या सेवेचे काम सुरू होऊ शकते, आणि काही वर्षांत कुपवाडहून निघालेला एखादा भाग प्रमाणपत्रासह श्रीहरिकोट्याला पोहोचू शकतो.