टसर कीटक व ऋतुचक्र

टसर कीटक : वन्य रेशीम देणारा एक पतंग. लेपिडॉप्टेरा गणातील सॅटर्निडी कुलात याचा समावेश होत असून शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा आहे. याच प्रजातीतील अँथेरिया पर्नी ही जाती चीनमध्ये ओक वृक्षांवर वाढवितात. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्हा व १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा येथील जंगलांत, ऐन व अर्जुन वृक्षांवर, टसर कीटकाचे संगोपन होते. या रेशमास ‘कोसा’ असेही म्हणतात.

तुतीवरील रेशीमकिडा घरात वाढतो. टसरची अळी मात्र उघड्यावर, झाडावरच वाढते. म्हणून तिचे जीवनचक्र ऋतुमानाशी जखडलेले असते. हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळा संपेपर्यंत हा कीटक टणक, अंडाकार कोशात सुप्तावस्थेत राहतो. पावसाळ्याच्या आरंभी कोशातून पतंग बाहेर पडतात. त्यांची मुखांगे ऱ्हास पावलेली असल्याने ते काहीही खात नाहीत. मीलन व अंडी घालणे एवढेच त्यांचे कार्य उरते. अंडी सु. ८ ते १० दिवसांत उबतात. अळी चार वेळा कात टाकते व पूर्ण वाढ झाल्यावर पानांच्या आडोशाला कोश विणून तो देठाने फांदीस बांधते. पावसाळी पिकास सु. पाच आठवडे पुरतात. थंडीत वाढ मंदावते. पावसाळी पीक मुख्यत्वे बियाण्यासाठी, तर त्यानंतरचे धाग्यासाठी राखतात.

हा व्यवसाय परंपरेने ढिवर समाजाकडे असून आरमोरी हे त्याचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. मुंग्या, गांधीलमाश्या व पक्षी यांपासून अळ्यांचे रक्षण करण्यासाठी पाळणाऱ्यांना अनेक आठवडे जंगलात राखण करावी लागते. पेब्रिन रोग मादीकडून अंड्यांत उतरतो. त्यामुळे अंडी घातल्यावर मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात. ऋतुमान बिघडून पतंग मागेपुढे बाहेर आले, तर नर-मादींची गाठ पडत नाही आणि बियाणे वाया जाते.

कीटकाचा निर्वाह उभ्या झाडांवर असल्याने पाळणाऱ्याचा निर्वाहही जंगलातील प्रवेशावर अवलंबून असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर व कोश यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. तथापि बिगर-आदिवासी पारंपरिक वननिवाशांना या कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांचे वर्ष ऐनाच्या पालवीने मोजले जाते, त्यांना वास्तव्याचा पुरावा मात्र पिढ्यांच्या हिशेबात द्यावा लागतो.